पाणी थंड आहे हे ठरवायचं कोणी?

मागच्या व्याख्यानात आपण प्रामाण्याचा प्रश्न घेतला होता. एखादं ज्ञान खरं आहे हे आपल्याला कळतं कशावरून, हा तो प्रश्न. न्याय काय म्हणतो, मीमांसक काय म्हणतात, हे थोडं बोलून झालं, आणि शेवटी मागच्या रांगेतून एक गृहस्थ उठले. म्हणाले, ‘सर, हे सगळं ठीक हाये, पण इहिरीचं पानी थंडं हाये का गरम हाये, हे पाय टाकला का समजतेच ना? त्याले प्रमाण कायले लागते?’ हशा पिकला. पण प्रश्न मला इतका आवडला की आजचा अख्खा तास मी त्यालाच द्यायचं ठरवलं. दुसरं असं की आपल्या मूर्तिजापुरातली दोन-चार पोरं यंदा मालवणला समुद्रात पोहायला जायचं म्हणताहेत. चिवला किनाऱ्यावर डिसेंबरात राज्यस्तरीय सागरी जलतरण स्पर्धा भरते, तिथं. त्यांच्याही कामाचं काही यात निघेल.

तर माझं उत्तर आधी देऊन टाकतो. पाय टाकून समजत नाही. काहीतरी समजतं, पण जे समजायला हवं ते समजत नाही. आणि हा नुसता वर्गातला काथ्याकूट नाही, या चुकीपायी चांगले पोहणारे दगावलेत.

एक प्रयोग घरी करून बघा. तीन गंज घ्या. एकात माठातलं गार पाणी, दुसऱ्यात आंघोळीला लागतं तसं ऊन पाणी, आणि मधल्यात साधं नळाचं. एक हात गारात, एक उन्हात, दोन मिनिटं धरा. मग दोन्ही हात एकदम मधल्या गंजात घाला. एक हात सांगेल पाणी कोमट आहे, दुसरा सांगेल गार आहे. पाणी एकच, वेळ एकच, माणूसही एकच, आणि साक्षी दोन. जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञानं १६९०च्या आपल्या ग्रंथात हेच उदाहरण घेतलंय. त्याला सिद्ध करायचं होतं की गार-ऊन हे जसं आपल्याला जाणवतं तसं ते पाण्यात बसलेलं नसतं. पुढं बर्कलीनं १७१३ साली तेच उदाहरण उचललं आणि गाडी भलतीकडेच नेली. तिकडं आज जायचं नाही. आपल्याला एवढंच पाहिजे की हात हा थर्मामीटर नाही.

मग हात मोजतो काय? अंगातली ऊब किती झपाट्यानं बाहेर जाते, ते मोजतो. स्टीलचा पेला आणि लाकडी पाट रात्रभर एकाच खोलीत पडलेले असतात, दोघांचं तापमान एकच असतं, तरी सकाळी पेला गार लागतो आणि पाट लागत नाही, कारण धातू ऊब पटकन ओढून घेतो. पाण्याचंही तसंच. हवेपेक्षा पाणी जवळपास पंचवीस पट जास्त उष्णता वाहून नेतं. वीस अंशांच्या हवेत तुम्ही बनियन घालून ओट्यावर पेपर वाचत बसाल. वीस अंशांच्या पाण्यात तासभर राहून दाखवा म्हणजे कळेल.

आता आपल्याकडची विहीर घ्या. आपल्या काळ्या बेसाल्टात खणलेली खोल विहीर. जमिनीत पुरेसं खाली गेलं की ऋतूंचा चढउतार पोहोचत नाही. तिथलं पाणी त्या गावाच्या वर्षभराच्या सरासरी तापमानाच्या आसपास राहतं, आपल्याकडं म्हणजे साधारण सव्वीस-सत्तावीस अंश. डिसेंबरात पहाटे बाहेर दहा-बारा अंश असतात तेव्हा त्याच विहिरीतून वाफा निघताना दिसतात आणि बाया म्हणतात, पाणी कसं कोमट आहे. मे महिन्यात बाहेर चव्वेचाळीस असतं तेव्हा पोरं उडी टाकतात आणि ओरडतात, बर्फ हाये बर्फ! विहीर तीच, पाणी तेच. बदललो आपण. त्यामुळं मे महिन्यात विहिरीच्या पाण्याचा जो ‘बर्फ’ आहे तो बहुतांशी आपल्या तापलेल्या कातडीचा आहे. सत्तावीस अंश म्हणजे पोहण्याच्या तलावातलं सुखाचं तापमान. (यावरून कुणी विहिरीत उड्या मारायला मोकळीक मिळाली असं समजू नये. पायऱ्या नसलेली विहीर, गाळ, पडीक विहिरीतला वायू, हे धोके वेगळे आहेत आणि ते थर्मामीटरला दिसत नाहीत.)

उलटी फसगत धरणावर होते. उन्हाळ्यात जलाशयाचा वरचा थर उन्हानं तापतो. गरम पाणी हलकं, म्हणून ते वरच राहतं, आणि वारा जेवढ्या खोलीपर्यंत ढवळतो तेवढंच ढवळलं जातं. त्याखाली पाणी एकदम गार होतं. काठावर पाय टाकणाऱ्याला लागतो तो वरचा थर, आणि काठाशी तर तो आणखीच तापलेला असतो. उंचावरून उडी मारणारा सरळ खालच्या थरात जातो. आपल्याकडच्या धरणांवर पोहायला बंदी असते आणि ती असावी. पण बंदीची पाटी वाचून कारण कळत नाही, म्हणून सांगितलं.

आणि हरिद्वार! आपल्या वऱ्हाडातली मंडळी मे महिन्यात, पोरांना सुट्ट्या म्हणून, उत्तरेच्या यात्रेला जातात. बाहेर अडतीस-चाळीस अंशांचं ऊन. घाटावर उतरलं की वाटतं, आपली पूर्णाच ही, जरा मोठी. पण ती गंगा हिमालयातल्या बर्फातून येते. तिच्या घाटांवर धरायला साखळ्या लावल्यात त्या प्रवाहासाठी, हे सगळ्यांना ठाऊक असतं. गारव्यासाठीही त्या कामाच्या आहेत हे कमी लोकांना ठाऊक असतं. का, ते ऐका.

गार पाण्यात एकाएकी गेलं की पहिल्या मिनिटात जे होतं त्याला शीताघात म्हणू. कातडी झटकन गार झाली की माणूस आपोआप हाऽऽ करून मोठा श्वास ओढतो. आपोआप, म्हणजे इच्छेचा संबंध नाही. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर ओढलं जातं ते पाणी. पाठोपाठ श्वास भराभर चालू होतो, रोखता येत नाही, नाडी आणि रक्तदाब उसळतात. इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठात माइक टिप्टन यांनी यावर अनेक वर्षं काम केलंय. पाणी पंचवीस अंशांच्या खाली गेलं की ही प्रतिक्रिया दिसू लागते आणि दहा ते पंधरा अंशांच्या दरम्यान ती जवळपास पूर्ण जोरात असते. म्हणजे घाबरायला बर्फ लागत नाही. आणखी एक गोष्ट, ती माझ्या वयाच्या लोकांसाठी. कातडी गार झाली की हृदयाला हुकूम जातो, पळ. चेहरा पाण्यात गेला की दुसरा हुकूम जातो, थांब. दोन्ही हुकूम एकदम आले की हृदयाचा ठेका चुकू शकतो. पट्टीचा पोहणारा गार पाण्यात शिरल्या शिरल्या गेला की लोक म्हणतात, त्याचा काळ आला होता. बऱ्याचदा तो पोहणं चुकल्यामुळं गेलेला नसतो.

कॅनडाच्या मॅनिटोबा विद्यापीठातल्या गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी बर्फाळ पाण्यासाठी एक सोपं सूत्र दिलंय: एक, दहा, एक. एक मिनिट श्वास ताब्यात आणायला. साधारण दहा मिनिटं हातपाय कामाचे राहतात तेवढी. आणि शुद्ध हरपायला साधारण एक तास. लोकांच्या डोक्यात क्रम उलटा असतो. त्यांना वाटतं माणूस गारठून मरतो. गारठायला वेळ लागतो हो. त्याआधी श्वास दगा देतो, मग हात दगा देतात.

आता मागच्या व्याख्यानाकडं येतो, कारण सांधा इथं आहे.

नैयायिक काय म्हणतात? ज्ञान झालं म्हणजे ते खरंच असेल असं नाही, त्याचं खरेपण बाहेरून तपासावं लागतं. आणि तपासायचं कसं, तर त्या ज्ञानावर विसंबून कृती करून. लांबवर पाणी दिसलं. ते पाणी की मृगजळ? जा, ओंजळ भरा, प्या. तहान भागली तर ज्ञान प्रमा, नाहीतर भ्रम. याला सफलप्रवृत्ती म्हणतात. मूर्तिजापूर-अकोला रस्त्यावर मे महिन्यात दुपारी दोन वाजता हे प्रात्यक्षिक फुकट पाहायला मिळतं. मृगजळाच्या बाबतीत ही कसोटी उत्तम आहे, कारण चुकलं तर नुकसान काय? दोन कोसांची पायपीट. पण ‘हे पाणी पोहण्याजोगं आहे’ या ज्ञानाची कसोटी कृती करून घ्यायची म्हटली तर? उडी टाकायची आणि वर आलो तर ज्ञान खरं? इथं परीक्षेचा निकाल आणि परीक्षार्थी दोन्ही एकाच मिनिटात संपू शकतात. सफलप्रवृत्ती ही कसोटी जिथं कृती परत घेता येते तिथंच चालते. उडी परत घेता येत नाही.

नैयायिकांना हे सुचलं नव्हतं असं समजू नका, ती हुशार मंडळी होती. त्यांनी दोन स्थिती सांगितल्या, अभ्यासदशा आणि अनभ्यासदशा. ज्या गोष्टीशी रोजचा परिचय आहे तिथं दरवेळी कृती करून बघावी लागत नाही. हे ज्ञान पूर्वी खऱ्या ठरलेल्या ज्ञानांच्याच जातीचं आहे, तज्जातीय आहे, एवढं ओळखलं की पुरे. अपरिचित ठिकाणी मात्र आधी संशय घ्यावा लागतो. आपल्या विहिरीत वीस वर्षं पोहणारा माणूस आपल्या विहिरीपुरता अभ्यासदशेत असतो, आणि तिथं त्याचं बरोबर आहे. तो हरिद्वारला जातो आणि तीच खातरी सोबत घेऊन जातो, तिथं घात होतो. ते पाणी त्या जातीचं नाही. आणि मीमांसक तर म्हणतात, ज्ञान स्वतःच प्रमाण असतं, बाधा येईपर्यंत ते खरंच धरायचं. आपली विहिरीवरची पोरं जन्मजात मीमांसक आहेत, एवढंच म्हणतो.

मग ‘तज्जातीय’ ओळखायचं कशानं? रंगानं नाही, रुंदीनं नाही, पाय टाकूनही नाही. इथं आकडा उपयोगी पडतो. इथलं सत्तावीस आणि तिथलं सत्तावीस हे एका जातीचं. इथलं सत्तावीस आणि तिथलं सोळा हे नाही. थर्मामीटर हे शुद्ध अनुमान आहे. नळीतला द्रव चढला हे दिसतं, त्यावरून उष्णता किती ते ओळखायचं. धुरावरून अग्नी ओळखतात तसंच. ही व्याप्ती पक्की करायला युरोपाला फार वर्षं लागली. फॅरनहाइटनं १७१४च्या सुमारास पाऱ्याचा भरवशाचा तापमापक केला, सेल्सियसनं १७४२ साली शंभर भागांची पट्टी दिली. गंमत म्हणजे त्यानं उकळत्या पाण्याला शून्य आणि बर्फाला शंभर दिले होते. ती पट्टी नंतर सुलटी केली गेली.

आपल्या परंपरेत आकडा नव्हता, पण एक बारीक गोष्ट होती. अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह आम्ही वर्षानुवर्षं शिकवला. त्यात पाण्याची ओळखच थंड स्पर्शानं करून दिलीय. मग किनवटजवळ उनकेश्वरला गरम झरा आहे त्याचं काय? न्याय म्हणतो, ती ऊब पाण्याची नव्हे, पाण्यात मिसळलेल्या तेजाची. आजचं पदार्थविज्ञान हे मान्य करणार नाही. पण पाण्याची ऊब कुठून तरी आलेली असते, तेव्हा ती कुठून आली ते विचारा, ही सवय चांगली आहे. काठाचं पाणी कोमट का? ऊन. मग ऊन पोहोचत नाही तिथं काय असेल?

इथवर गारव्याबद्दल बोललो. आपण वऱ्हाडातले लोक, आपल्याला गरम पाण्याचा धोका तर वाटतच नाही. २३ ऑक्टोबर २०१० रोजी संयुक्त अरब अमिरातीतल्या फुजैराला दहा किलोमीटरची विश्वचषक शर्यत होती. पाणी तीस अंशांच्या आसपास, वर ऊन. अमेरिकेचा फ्रॅन क्रिपेन, वय २६, जागतिक दर्जाचा जलतरणपटू, शर्यत संपता संपता दिसेनासा झाला. बाकीचे पोहून आले, तो आला नाही. मृतदेह नंतर सापडला. जोरात पोहणारं शरीर भट्टीसारखं उष्णता निर्माण करतं. जमिनीवर घाम वाळतो म्हणून ती निघून जाते. पाण्यात घाम येतो पण वाळत नाही. पाणीच कोमट असेल तर उष्णता जाणार कुठं? आणि बुडत्या माणसासारखी धडपड इथं दिसत नाही. माणूस गोंधळतो, मंद होतो, खाली जातो.

त्या मृत्यूनंतर आंतरराष्ट्रीय जलतरण संघटनेच्या नियमांत वरची मर्यादा आली, ३१ अंश. खालची १६. आणि मोजायचं कसं हेही लिहिलेलं आहे: शर्यतीच्या दिवशी, सुरुवातीच्या दोन तास आधी, मार्गाच्या मध्यभागी, ४० सेंटिमीटर खोलीवर. मोजताना मुख्य पंच हवा, आयोजकांचा एक माणूस हवा आणि संघांच्या प्रशिक्षकांपैकी एक हवा. मला हा नियम तत्त्वज्ञ म्हणून आवडतो. काठावर नाही, कारण काठ खोटं बोलतो. पृष्ठभागावर नाही, कारण पृष्ठभाग खोटं बोलतो. आणि एकट्यानं नाही, कारण ज्याला शर्यत व्हायलाच हवी आहे त्याच्या हातातला थर्मामीटरही जरा वाकडा वाचला जातो.

आपण घरी काय करायचं? चाळीस सेंटिमीटर म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतचा जुना हात, त्याच्यापेक्षा थोडं कमी. ताप बघायचा थर्मामीटर चालत नाही. त्याची पट्टी पस्तीसच्या आसपास सुरू होते, आणि काचेचा असेल तर चढलेला पारा झटकल्याशिवाय उतरत नाही. कोविडच्या काळात कपाळावर रोखायचे ती बंदूकही नको. ती एकतर माणसाच्या तापापुरती जुळवलेली असते, आणि पाण्यावर धरली तरी अगदी वरचा पापुद्राच वाचते. मासे पाळणाऱ्यांच्या दुकानात साधा काचेचा लाल द्रवाचा थर्मामीटर मिळतो, तो घ्या. पाऱ्याचा नको, फुटला तर पाण्यात विष. दोरी बांधा, खाली एखादं वजन, दोरीला हातभर अंतरावर गाठ, आणि दोन-तीन मिनिटं बुडवून ठेवा. बाहेर काढून हवेत वाचू नका. ओल्या काचेवरचं पाणी वाळू लागतं आणि आकडा भराभर उतरतो, माठ गार होतो त्याच न्यायानं. तांब्यात त्याच खोलीचं पाणी भरून, नळी पाण्यातच ठेवून वाचा. आणि महिन्यातून एकदा थर्मामीटरची परीक्षा घ्या: पेल्यात कुटलेला बर्फ, वर थोडं पाणी, ढवळा, शून्य दाखवलं पाहिजे. दोन दाखवत असेल तर फेकू नका, दोन वजा करत चला. प्रमाणाचंही प्रमाण लागतं, हे आपण मागच्या वेळी बोललोच.

मालवणला जाणाऱ्यांना सांगतो. कोकण किनाऱ्याचं समुद्राचं पाणी डिसेंबरातही सत्तावीस-अठ्ठावीसच्या आसपास असतं. समुद्र सावकाश तापतो, सावकाश निवतो. म्हणजे तिथं गारव्याची चिंता कमी. उलट आपल्याकडच्या उघड्या तलावात डिसेंबरच्या पहाटे सराव करणाऱ्या पोरांना तो जास्त जपून करावा लागेल, आणि तिथं रोज आकडा वहीत लिहा. लाटा, ओढ, जेलीफिश हे विषय दुसरे, ते तिथल्या माणसांना विचारा.

ज्यांना आणखी पुढं जायचंय त्यांनी इंग्लिश खाडीचा नियम बघावा. रुपाली रेपाळे हिनं १९९४ साली शाळकरी वयात ती पार केली. उन्हाळ्यातही तिथं पाणी साधारण पंधरा ते अठरा. ऊबदार पोशाख चालत नाही: साधा पोहण्याचा पोशाख, टोपी, चष्मा. आणि नाव नोंदवण्याआधी सोळा अंश किंवा त्याखालच्या पाण्यात सलग सहा तास पोहल्याचा दाखला लागतो. ‘मला जमेल’ हे शब्दप्रमाण तिथं घेत नाहीत. पुण्याच्या रोहन मोरे यांनी २०१८ साली सातही समुद्रमार्ग पुरे केले, असं करणारे ते पहिले आशियाई. त्या सातांत हवाईचं ऊन पाणी आहे आणि आयर्लंड-स्कॉटलंडमधलं बारा-चौदा अंशांचंही आहे. दोन्हीकडं शरीर तेच न्यायचं, तयारी वेगळी न्यायची.

आणि ही तयारी होते, हे महत्त्वाचं. गार पाण्यात दोन-तीन मिनिटांच्या पाच-सहा बुडक्या, वेगवेगळ्या दिवशी, कुणीतरी सोबत असताना घेतल्या तर तो पहिला आऽ करणारा श्वास जवळपास निम्म्यावर येतो. लुईस प्यू हा जलतरणपटू २००७ साली उत्तर ध्रुवावर उणे १.७ अंशांच्या पाण्यात एक किलोमीटर पोहला, सुमारे एकोणीस मिनिटं. तो माणूस चमत्कार नाही. त्यानं शरीराला शिकवलं होतं, आणि आत उतरण्याआधी आकडा त्याला ठाऊक होता.

वेळ होत आलाय, एक-दोन प्रश्न घेतो.

ताईंचा प्रश्न आहे, आपले बापजादे थर्मामीटरशिवाय पूर्णेत पोहायचेच की. हो, पोहायचे. आपल्या तालुक्यातल्या दापुऱ्यात मामाकडं वाढलेला डेबूजी, पुढचे गाडगेबाबा, पट्टीचा पोहणारा होता असं त्यांचे चरित्रकार सांगतात. पण तो रोज त्याच नदीत, गुरं घेऊन, बाराही महिने जाणारा मुलगा होता. अभ्यासदशा म्हणतात ती हीच. आपली पोरं वर्षात दोनदा पाण्यात उतरतात आणि दोन्ही वेळा नव्या ठिकाणी.

दुसरा प्रश्न, कोणत्या आकड्याला पोहू नये? प्रौढ, निरोगी, सवय नसलेला माणूस धरून सांगतो. वीसच्या खाली सोबतीशिवाय आणि सवयीशिवाय नको. तीसच्या वर लांब अंतर नको, दुपारी तर नकोच. साठीनंतर किंवा हृदयाचा काही त्रास असेल तर डॉक्टरांना विचारा, मला नको, मी तत्त्वज्ञानाचा डॉक्टर. आणि आकडा बरोबर असला तरी उतरायचं सावकाश, आधी पाय, मग मनगटं, मान, तोंडावर पाणी, श्वास शांत झाला की पुढं. बाहेर आल्यावर कापरं भरलं तर कपडे बदला, कोरडं व्हा, काहीतरी गरम प्या. पण कापणारा माणूस अचानक कापायचा थांबला आणि बोलताना जीभ अडखळायला लागली तर त्याला बरं वाटतंय असं समजू नका. ताबडतोब दवाखान्यात न्या. आडवा ठेवून न्या, चालवत नेऊ नका.

पुढच्या वेळी अनुपलब्धी. जे नाही ते ‘नाही’ म्हणून कसं कळतं, ते बघू.